संध्याकाळी सातची वीज कुठून येणार?

नंदगडच्या बाजूने बेळगावला कॉलेजला येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: "कोळसा आणि तेल आणखी किती वर्षं पुरणार? ते संपल्यावर सूर्य-वाऱ्यावर सगळं चालेल का? आमचे बाबा घरावर सोलर घालायचं म्हणताहेत, शेतातल्या मोटारीलाही घालावं का?" प्रश्न तीन आहेत, पण तिन्हींची उत्तरं एका जागी येऊन मिळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी विद्युत अभियंता. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांच्या भट्ट्या, साखर कारखान्यांची वीजनिर्मिती आणि अलीकडे खानापूरपासून निपाणीपर्यंत छपरांवरचं सोलर, यातच माझी नोकरी आणि धंदा झाला. त्यामुळे पुस्तकातला भाग लवकर आटोपतो आणि आपल्या मुलखाशी जिथे संबंध येतो तिथे वेळ घेतो.

जे एकदा जाळलं की माणसाच्या काळात परत तयार होत नाही ते अनवीकरणीय: कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू, युरेनियम. जे निसर्ग रोज किंवा दरवर्षी भरून देतो ते नवीकरणीय: ऊन, वारा, वाहतं पाणी, शेतातला आणि गोठ्यातला कचरा. परीक्षेला एवढं पुरतं. पण दोन गोष्टी या रकान्यांत नीट बसत नाहीत, त्या लक्षात ठेव. युरेनियम अनवीकरणीय आहे, तरी अणुभट्टीत काही जळत नसल्याने धूर आणि कार्बन डायऑक्साइड निघत नाही. उलट जळाऊ लाकूड नवीकरणीय धरतात, पण खानापूरच्या रानातून जेवढं तोडलं तेवढं उगवलं नाही, तर तेही खाणीसारखं संपतं. म्हणून नवीकरणीय म्हटलं की चांगलंच, असं धरून चालू नको. प्रत्येक स्रोताला विचारायचं: कुठून येतो, केव्हा येतो, आणि त्याची किंमत कोण मोजतो.

आता कोळसा. कर्नाटकात कोळशाची एकही खाण नाही. रायचूरचं केंद्र 1720 मेगावॅटचं, बळ्ळारीजवळच्या कुडतिनीचं 1700, यरमरसचं 1600 आणि आपल्या शेजारच्या विजयपूर जिल्ह्यातलं, एनटीपीसी या केंद्र सरकारी कंपनीचं कुडगी 2400 मेगावॅटचं. या सगळ्यांचा कोळसा तेलंगण, ओडिशा, महाराष्ट्रातल्या खाणींतून रेल्वेने येतो. एक युनिट विजेला आपला देशी कोळसा साधारण 600 ते 700 ग्रॅम लागतो. कुडगी पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालवलं तर दिवसाला 30 हजार टनांहून जास्त कोळसा जळेल, म्हणजे रोज आठ-नऊ मालगाड्या. त्याच्या निम्म्याच आल्या तर दोन-चार दिवसांत साठा उतरतो आणि तिकडे वीज करणारा एक संच बंद पडला की इकडे आपल्या टीसीवरचं, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचं, लोडशेडिंग सुरू होतं. महिन्याला 100 युनिट वापरणारं घर सगळी वीज कोळशाचीच वापरत असेल, तर त्या घरासाठी महिन्याला सुमारे 65 किलो कोळसा कुठेतरी जळतो आणि त्यातला तिसरा हिस्सा तरी राख म्हणून मागे उरतो.

हा कोळसा संपणार का? देशाच्या जमिनीत अजून इतका आहे की तुझ्या आयुष्यात तो संपणार नाही. 2024-25 मध्ये भारताचं कोळसा उत्पादन पहिल्यांदाच शंभर कोटी टनांच्या वर गेलं. पण जमिनीत आहे म्हणून तो आपण सगळा जाळू शकतो असं होत नाही. खोल जावं लागतं, जंगल आणि गावं उठवावी लागतात, वाहतुकीचा खर्च वाढतो, आणि हवेत जाणारा कार्बन पावसाचं वेळापत्रक बिघडवतो. ऑगस्ट 2019 चा महापूर आणि 2023 चा दुष्काळ, दोन्ही चिकोडी-गोकाकच्या ऊसवाल्यांनी चार वर्षांच्या अंतराने पाहिले. दरम्यान नव्या सौर प्रकल्पांची वीज लिलावात अडीच रुपये युनिटच्या आसपास आली. नवं कोळसा केंद्र या दराच्या जवळपासही येत नाही. कोळसा संपण्याच्या खूप आधी तो परवडेनासा होईल, असं माझं मत आहे.

तेलाची गोष्ट वेगळी आणि जास्त काळजीची. आपण वापरतो त्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, स्वयंपाकाच्या गॅसमधलाही अर्ध्याहून अधिक. आखातात काही बिनसलं की त्याचा दर संकेश्वरच्या पंपावर दिसतो. वीज घरच्या कोळशावर, पाण्यावर, उन्हावर करता येते. पेट्रोलला तशी सोय नाही. इथेनॉलमुळे थोडा आधार मिळाला, त्याबद्दल पुढे.

आता तू नेहमी वाचतोस त्या एका आकड्याकडे येतो. जून 2025 अखेर देशाच्या एकूण वीजक्षमतेत निम्मा वाटा कोळसा-वायू सोडून इतर स्रोतांचा झाला. ही मोठी मजल आहे आणि ठरवलेल्या 2030 च्या पाच वर्षं आधी गाठली. पण हा आकडा बसवलेल्या क्षमतेचा आहे. तयार झालेल्या युनिटांत मात्र अजूनही सुमारे तीन चतुर्थांश वाटा कोळशाचाच असतो. कारण साधं आहे. एक किलोवॅट सोलर आपल्या भागात वर्षाला 1400 ते 1500 युनिट देतं. एक किलोवॅट कोळसा चोवीस तास चालवता येतो, त्यामुळे दुरुस्तीचे दिवस वजा करूनही तो त्याच्या चौपट देऊ शकतो. म्हणून कुणी "अमुक गिगावॅट बसवले" म्हणालं की लगेच विचारायचं: युनिट किती, आणि कुठल्या वेळेला?

ही वेळच सगळ्या प्रश्नाचं मूळ आहे. वीज तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर, हवा तुलनेने थंड, एप्रिलमध्ये दुपारी बारा ते तीन उत्तम ऊन. पॅनेल तापलं की त्याची वीज घटते, त्यामुळे रायचूर-कलबुर्गीच्या भट्टीपेक्षा आपल्याकडे पॅनेल जरा सुखात असतं. पण त्याच दिवशी संध्याकाळी सात वाजता काय होतं बघ. सूर्य मावळलेला, घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर, बाजारपेठ उजळलेली, हॉटेलं भरलेली. सोलरचं उत्पादन शून्य. दुपारच्या अडीच रुपयांच्या विजेचा या वेळी काही उपयोग नाही, ती कुठे साठवलेली असेल तरच. पुढच्या वीस वर्षांतला वीजपुरवठा म्हणजे या सात ते अकराच्या चार तासांचा बंदोबस्त. दिवसाचं काम सूर्य करणार, हे आता ठरल्यात जमा आहे.

आणि इथेच मला आपल्या सीमाभागाबद्दल खरी आशा वाटते, कारण आपलं वर्षाचं वेळापत्रक फार चांगलं जुळतं. जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे सूर्य दिसत नाही, सोलर निम्म्याखाली येतं. नेमक्या त्याच महिन्यांत सौंदत्ती आणि पुढे गदगच्या माळावर वारा जोरात असतो. यल्लम्माच्या डोंगराकडे जाताना दिसणाऱ्या पवनचक्क्या वर्षभराच्या विजेचा मोठा वाटा या चार महिन्यांतच देतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, म्हणून पावसाळी वाऱ्याला इतकी किंमत आहे. त्याच वेळी धरणं भरत असतात. मग ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरपासून साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, वीज सुरू होते, ती मार्चपर्यंत, रात्रंदिवस. फेब्रुवारीपासून मे पर्यंत ऊन कडक. म्हणजे एक स्रोत थकतो तेव्हा दुसरा उभा असतो. देशात असा मेळ सगळीकडे नाही.

हा मेळ कुठे तुटतो ते 2023 च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. पाऊस कमी पडला, धरणं भरली नाहीत, वारा ओसरला होता, कारखाने अजून सुरू व्हायचे होते, आणि पावसाने दगा दिल्यामुळे एरवी बंद असणाऱ्या विहिरी-बोअरवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या. राज्याची मागणी ऑक्टोबरात कधी नसते इतकी, 15 हजार मेगावॅटच्या वर गेली. शेतीला सात तास थ्री फेज, म्हणजे मोटार चालवणारी लाईन, द्यायचं ठरलेलं होतं, ते पाच तासांवर आलं. सरकारला वीज कायद्याचं कलम 11 लावून खासगी निर्मात्यांना, त्यात साखर कारखानेही आले, राज्यालाच वीज द्यायला सांगावं लागलं. भविष्याचा अभ्यास करायचा असेल तर तू हा एक महिना नीट अभ्यास. पाऊस, वारा आणि मोटार एकमेकांत किती गुंतलेत ते त्यात दिसतं.

मोटारीबद्दल जरा थांबतो, कारण आपल्या जिल्ह्यातली सर्वात मोठी संधी तिथे आहे. कडोली असो, हुक्केरी असो की रायबाग, थ्री फेज पाळीपाळीने येतं आणि कित्येक वर्षं ती पाळी रात्रीची राहिली आहे. रात्री एक-दोनला लाईन आली की शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन बांधावर जातो. अंधारात पाटाची बारी फोडायची, गवतात साप, खानापूरकडे वरून गव्यांची भीती. बऱ्याच जणांनी मोटारीला ऑटो बसवलाय, त्यामुळे लाईन आली की मोटार आपोआप सुरू होते. एकाच वेळी फीडरवरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या एकाच लाईनवरच्या, शंभर मोटारी ऑटोवर उठल्या की व्होल्टेज 440 वरून साडेतीनशेच्या खाली येतं, मोटार तेवढंच काम करायला जास्त करंट खेचते, वाइंडिंग गरम होतं आणि आठवड्याभरात कुणाची तरी मोटार जळून रिवाइंडिंगला येते. कधी टीसीच जातो, आणि तो बदलून येईपर्यंत ऊस वाळतो. रात्री पाणी सुरू ठेवून माणूस घरी झोपला तर सरी भरून पाणी ओढ्याला जातं. म्हणजे वीजही गेली, पाणीही गेलं, जमीनही खारावली.

10 एचपीपर्यंतच्या पंपांना राज्यात वीज मोफत आहे, त्यामुळे शेतकऱ्याला ही नासाडी बिलात दिसत नाही. हेस्कॉमला, म्हणजे आपल्या वीज कंपनीला, आणि सरकारला दिसते. 5 एचपीची मोटार सात तास चालली की 26 युनिटच्या वर जातात. पाणी 100 मीटर खोल असेल तर एक हजार लिटर वर आणायला शास्त्राप्रमाणे पाव युनिट पुरतं. आपल्याकडच्या जुन्या, रिवाइंड केलेल्या मोटारींना तेच काम करायला दोन-अडीचपट वीज लागते. पाण्याची पातळी खाली गेली की वीज आपोआप वाढते.

आता विचार कर: पिकाला पाणी सकाळी दहाला दिलं काय आणि रात्री दोनला दिलं काय, पिकाची तक्रार नसते. शेतीपंप हे एकमेव मोठं लोड आहे जे आपण जवळजवळ पूर्णपणे दिवसा हलवू शकतो, बॅटरीशिवाय. त्यासाठी प्रत्येक विहिरीवर पॅनेल घालण्यापेक्षा 33 केव्ही उपकेंद्राजवळ दोन-पाच मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारून तो थेट शेतीच्या फीडरला जोडणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं. शेतीपंप सौर विजेवर नेण्यासाठीच्या, 2019 पासूनच्या पीएम-कुसुम योजनेच्या 'क' भागात हेच आहे. एका मेगावॅटला साधारण चार एकर लागतात. तुमकूरच्या पावगडला 2050 मेगावॅटचा सोलर पार्क 13 हजार एकरांवर झाला, शेतकऱ्यांची जमीन विकत न घेता भाड्याने घेऊन. कोरडवाहू पावगडला ते शोभलं. घटप्रभेच्या कालव्याखालच्या काळ्या रानात तसलं करू नये. माळरान, मुरमाड पट्टे आपल्याकडे भरपूर आहेत. तिथे करा, पण गावाच्या गायरानात जनावरांना जागा राहील एवढं बघून.

साखर कारखान्यांकडे येतो. कर्नाटकात सर्वाधिक साखर कारखाने बेळगाव जिल्ह्यात आहेत. एक टन ऊस गाळला की साधारण 280 ते 300 किलो बगॅस निघतं, निम्मं पाणी असलेलं. उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये ते जाळून 100 ते 130 युनिट वीज होते. त्यातली काही कारखान्याला लागते आणि उरलेली ग्रिडला, म्हणजे सगळ्यांच्या वीजजाळ्याला, जाते. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. गुऱ्हाळावर जाऊन बघ: घाण्यातून निघालेलं चिपाड अंगणात पसरून वाळवतात आणि तेच चुलवाणात जाळून त्याच उसाचा रस काहिलीत आटवतात. बाहेरून लाकूड आणायचं काम नाही. जाळ घालणारा माणूस काहिलीवर मळी कशी येते ते बघून हात आखडता घेतो किंवा वाढवतो, आणि वारं नीट खेळतं ठेवलं तर धूरही कमी निघतो. कारखान्यातल्या बॉयलरवर आम्ही मीटर आणि पंखे लावून हेच करतो.

बगॅसचा मोठा गुण हा की ते साठवता येतं. हंगाम संपल्यावर एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी, म्हणजे नेमकं जेव्हा वीज हवी तेव्हा, ते जाळता येईल. पण आज बरेच कारखाने हंगामातच जमेल तेवढी वीज विकून मोकळे होतात, कारण त्यांना संध्याकाळच्या युनिटाला वेगळा, वाढीव दर मिळत नाही. तो मिळाला तर बगॅसच्या गंजी आपली सर्वात स्वस्त बॅटरी ठरतील. दुसरी बाजूही सांगायला हवी. ऊस हे पाण्यावरचं पीक आहे. पाट सोडून भिजवलेल्या उसाचं बगॅस नवीकरणीय म्हणताना बोअरचं पाणी मात्र संपत असतं. ठिबकवरच्या उसाबद्दल मी हे म्हणणार नाही.

इथेनॉलचं थोडक्यात. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट 2025 मध्ये गाठलं आणि त्यात आपल्या भागातल्या डिस्टिलऱ्यांचा वाटा आहे. डिसेंबर 2023 मध्ये साखर कमी पडेल या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली होती, ती पुढे सैल झाली. एका दुष्काळाने इंधनाचं धोरण बदलतं, एवढं यातून समजून घे. प्रेसमडपासून, म्हणजे रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून, होणारा दाबलेला बायोगॅस मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्यासाठी वेगळं पीक घ्यावं लागत नाही.

पाण्याच्या विजेचा तर आपला वारसा आहे. गोकाकच्या धबधब्यावर 1887 मध्येच गिरणीसाठी वीज तयार झाली असं सांगतात, शिवनसमुद्रच्या 1902 च्या प्रसिद्ध केंद्राच्याही आधी. आज हिडकल धरणाच्या पायथ्याशी 32 मेगावॅटचं केंद्र आहे. खरी ताकद मात्र काळी नदीवर आहे: सुप्याचं धरण, त्याच्या पायथ्याशी 100 मेगावॅट, पुढे नागझरीला 885, मग कोडसळ्ळी आणि कद्रा. पाण्याच्या टर्बाइनचा गुण असा की दरवाजा उघडला की काही मिनिटांत पूर्ण वीज मिळते. कोळशाच्या केंद्राला थंड अवस्थेतून उठायला तास न् तास लागतात. म्हणून संध्याकाळी सातच्या गरजेला नागझरी फार मोलाची.

पण तू नंदगडचा आहेस. रामनगरला जाऊन एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी बोल. सुपा गाव पाण्याखाली गेलं, त्या आणि आसपासच्या गावांतली माणसं तिथे आणून वसवली. त्यांची शेतं, देवळं, बाजार सगळं त्या जलाशयात आहे. स्वच्छ विजेचा हिशोब मांडताना त्यांचं नुकसान कुठल्याच रकान्यात येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. नवं मोठं धरण आता पश्चिम घाटात होऊ नये, असंच मी म्हणेन.

नवीन धरण न बांधता जुन्या पाण्याचा पुन्हा वापर करण्याची वाट म्हणजे पंप्ड स्टोरेज. दोन तलाव, एक वर, एक खाली. दुपारी सोलर जास्त झालं की खालचं पाणी वर चढवायचं, संध्याकाळी तेच खाली सोडून वीज करायची. दुपारचं ऊन कणगीत भरून ठेवण्यासारखं हे आहे. शंभर युनिट खर्चून पाऊणशे-ऐंशी परत मिळतात, बाकीचे चढ-उतारात जातात. सौंदत्तीकडे मलप्रभेच्या नवीलुतीर्थ जलाशयाजवळ अशा प्रकल्पाची योजना आहे. माळावरचा उघडा डोंगर, शेजारी पवनचक्क्या आणि भरपूर ऊन, अशी जागा या कामाला योग्य आहे असं मला वाटतं. शरावतीच्या खोऱ्यात 2000 मेगावॅटचा तसाच प्रकल्प ठरला आहे, तिथे मात्र सिंहपुच्छ वानराचं घनदाट जंगल आहे आणि विरोध योग्य आहे. तेच धारवाडजवळच्या नरेंद्र उपकेंद्रापासून गोव्यात जाणाऱ्या 400 केव्ही लाईनबद्दल. गोव्याला वीज हवी हे खरं, पण खानापूर-जोयड्याच्या रानातून किती झाडं तोडून, हा प्रश्न विचारणारे वेडे नव्हेत. तंत्र एकच, जागा बदलली की त्याचा न्याय बदलतो.

कैगाच्या अणुवीज केंद्राबद्दल लोक मला घाबरत घाबरत विचारतात. चार युनिटं, प्रत्येकी 220 मेगावॅट. पहिल्या युनिटने डिसेंबर 2018 पर्यंत सलग 962 दिवस न थांबता चालून त्या वेळचा जागतिक विक्रम केला. ऊन, वारा, पाऊस कशावरही अवलंबून नसलेली, धूर न करणारी, चोवीस तासांची वीज. 700 मेगावॅटची आणखी दोन युनिटं तिथे व्हायची आहेत. अणुइंधनाचा कचरा दीर्घकाळ सांभाळावा लागतो आणि खर्च मोठा असतो, हे दोन आक्षेप मी खरे मानतो. तरीही कोळसा हळूहळू कमी करायचा असेल तर रात्रीच्या विजेचा एक भाग यातून यावा लागेल.

तर तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सूर्य-वाऱ्यावर सगळं चालेल का? एकट्या सूर्य-वाऱ्यावर नाही. सूर्य, वारा, धरणातलं पाणी, बगॅस, पंप्ड स्टोरेज, बॅटऱ्या, थोडी अणुऊर्जा आणि दिवसा हलवलेले शेतीपंप, या सगळ्यांवर कर्नाटक चालू शकतं. कोळशाची केंद्रं पुढची वीसेक वर्षं तरी राहतील, पण दिवसा मंद आचेवर आणि संध्याकाळी जोरात. ती तशी चालवणं सोपं नाही. आतापर्यंत 55 टक्क्यांखाली लोड उतरवत नसत, आता 40 टक्क्यांपर्यंत उतरवायचे नियम आलेत, आणि त्यात बॉयलरच्या नळ्या दमतात. हायड्रोजनचं फार ऐकशील. एक किलो हायड्रोजन पाण्यापासून काढायला 50 हून जास्त युनिट लागतात. पोलाद आणि खताच्या कारखान्यांना तो उपयोगी पडेल, आपल्या स्वयंपाकघरात किंवा मोटारसायकलीत इतक्यात येणार नाही.

उद्यमबागच्या मित्रांसाठी एक ओळ: इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला 600 युनिटच्या आसपास जातात. वेळेनुसार दर लावण्याचे केंद्राचे नियम 2023 मध्ये आले आहेत, त्यात उन्हाच्या तासांना दर कमी आणि संध्याकाळी जास्त. रात्रपाळीची सवय मोडून भट्टी सकाळी नऊला पेटवणारा पुढे टिकेल.

आता तुझ्या घराचं. आधी बाबांना वर्षभराची बिलं काढायला सांग. राज्याच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत वर्षाच्या सरासरीपेक्षा दहा टक्के जास्तीपर्यंत, पण 200 युनिटच्या आत वापर असेल तर तुमचं बिल शून्य येत असणार. तसं असेल तर आज सोलर घालून खिशात रोख बचत पडणार नाही, हे कुठलाही विक्रेता तुम्हाला सांगणार नाही. वापर 200 च्या वर जात असेल, घरात पिठाची गिरणी, फ्रिज, इलेक्ट्रिक स्कूटर, इंडक्शन असेल, तर गोष्ट वेगळी. पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान आहे. ते मिळायला पॅनेल आणि त्यातले सेल भारतात बनलेले असावे लागतात, तेवढं कोटेशनवर लिहून घ्या. तीन किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला 12 युनिट देतं. एप्रिलमध्ये 14-15 मिळतील आणि नंदगडच्या जुलैत पाच-सहा. विक्रेत्याने बाराही महिने 15 सांगितले तर दुसरा बघा.

आणखी एक गोष्ट लोकांना बसवल्यावर कळते. साधं ऑन-ग्रिड सोलर लाईन गेली की बंद पडतं, डोक्यावर कडक ऊन असलं तरी. लाईनमनच्या जिवासाठी ते तसं करावंच लागतं, नाहीतर तुमच्या छपराची वीज उलटी लाईनवर जाऊन खांबावरचा माणूस मरेल. खानापूर भागात पावसाळ्यात झाडं पडून दोन-दोन दिवस लाईन जाते. तुम्हाला त्या वेळची वीज हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागेल. खर्च वाढेल, पण दिवे, पंखे, मोबाईल आणि वायफायपुरती छोटी लिथियम बॅटरी पुरते. सगळं घर बॅटरीवर घेण्याचा हट्ट धरू नका.

गोठ्यात चार-पाच जनावरं असतील तर सोलरच्या आधी मी गोबरगॅस सांगेन. रोज पन्नासेक किलो शेण टाकलं की दोन घनमीटरच्या दीनबंधू प्लांटमधून महिन्याला एक-दीड सिलिंडरइतका गॅस मिळतो आणि स्लरी भातशेतीला उत्तम खत होते. आई चुलीपुढे खोकायची थांबते, हे पैशात मोजता येत नाही. जोराच्या थंडीत गॅस कमी होतो, तेव्हा शेण कोमट पाण्यात कालवून टाकायचं.

मोटारीचं: शेतात लाईन आधीच आहे आणि 10 एचपीच्या आत आहे, तर घाई नको. फीडरवर सौर प्रकल्प येतोय का ते हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात विचारा. लाईन लांब असेल, नवीन खांब-टीसीचा खर्च तुमच्या माथी येणार असेल, तर सौर पंप नक्की घ्या. त्याआधी बोअरची खोली आणि उन्हाळ्यातली पाण्याची पातळी मोजून घ्या, कारण 5 एचपीचा सौर पंप सकाळी नऊला 5 एचपीसारखा चालत नाही. ऊन चढेल तसा चढतो. गडहिंग्लज-चंदगडच्या पाहुण्यांनी दहा टक्के भरून पंप घेतला असेल, पण ती महाराष्ट्राची योजना आहे, इथे लागू नाही. इथे कर्नाटकाच्या कुसुम योजनेतच अर्ज करायचा. घरच्या सोलरचा अर्ज वेगळा, त्याला बिलावरचा आरआर नंबर, म्हणजे तुमच्या जोडणीचा क्रमांक, लागतो. बिल कानडीत असतं म्हणून बरेच जण दुसऱ्याकडून भरून घेतात आणि नंबर चुकतो. तो स्वतः वाचून टाका.

तुमचं घर कौलारू असेल तर पॅनेल कौलांवर घालू नका. आपल्याकडच्या पावसात वाशांवर ते वजन आणि वाऱ्याची ओढ दोन्ही येतात, आणि कौलं बदलायला माणूस वर चढू शकत नाही. अंगणात किंवा खळ्यावर, दक्षिणेला तोंड करून, आडव्यापासून पंधरा-सोळा अंश उचललेलं, गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचं उंच स्टँड करून घ्या. खाली गवताची गंजी किंवा ट्रॅक्टर ठेवता येईल एवढी उंची धरा, आणि काँक्रीटचे पाय दोन फूट तरी खोल असू द्या.